शोभेची दारू, 1884 चा कायदा आणि तुमचे प्रश्न

एरवी या पानासाठी वाटणीपत्र, भाडेकरू, पोटगी अशीच पत्रं येतात, पण दिवाळी झाल्यापासून फटाके आणि स्फोटकांवरची पत्रं इतकी आलीत की बाकीच्यांना पुढच्या महिन्यात घेते. सगळ्यांचा सूर साधारण एकच, की कायदा नक्की काय म्हणतो आणि तो बदलणार आहे म्हणतात ते काय. पत्रं थोडी कमी करून छापतेय, नावं मुद्दाम दिली नाहीत.

प्रश्न (मिरज): ताई, मी बारा वर्षं दिवाळीत फटाक्यांचा स्टॉल लावतो. परवाना दरवर्षी काढतो, पण तो हातात पडतो वसुबारसेच्या आदल्या दिवशी, तोपर्यंत माल घरी येऊन पडलेला असतो, काय करणार. आता म्हणतात नवीन कायदा येतोय आणि एक लाख दंड बसणार. धंदा बंद करू का?

उत्तर: दादा, धंदा बंद करू नका, पण तो "घरी येऊन पडलेला माल" वाचून माझ्या पोटात गोळा आला, त्याच्याकडे आधी येऊ.

तुमच्या परवान्यावर "शोभेची दारू" असं लिहिलेलं असतं बघा. ती शोभेची दारू, विहिरीच्या सुरुंगाचं जिलेटीन आणि खाणीतला डिटोनेटर, हे सगळं एकाच कायद्यात बसतं, त्याचं नाव स्फोटके अधिनियम 1884. म्हणजे केसरी सुरू होऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती तेव्हाचा हा कायदा. मधे दुरुस्त्या झाल्या, त्याखालचे नियम 2008 साली नवीन आले, पण दंडाचे आकडे बघा. विनापरवाना बनवणं, आयात किंवा निर्यात करणं याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि विनापरवाना बाळगणं, विकणं, वापरणं, वाहून नेणं याला दोन वर्षं किंवा तीन हजार किंवा दोन्ही. तीन हजारात आज फटाक्यांचा एक बरा गिफ्ट बॉक्स येतो. म्हणून 2024 च्या एप्रिलमध्ये केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाने नवीन विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी काढला, त्यात बनवणाऱ्याला एक लाखापर्यंत आणि विकणाऱ्या-बाळगणाऱ्याला पन्नास हजारांपर्यंत दंड सुचवलाय. तुम्ही ऐकलेला एक लाखाचा आकडा बनवणाऱ्यांसाठीचा. आणि मसुदा म्हणजे लागू झालेला कायदा नव्हे, हेही लक्षात ठेवा.

आता घरातला माल. परवाना हातात नसताना फटाके घरी ठेवणं हा जुन्या कायद्यातही गुन्हाच आहे, दंड तीन हजार असो की पन्नास हजार, आणि त्या घरात गॅस आहे, देवघर आहे, पोरंबाळं झोपतात. 1 एप्रिल 2025 ला गुजरातमध्ये डीसाला फटाक्यांच्या गोदामात स्फोट झाला, एकवीस माणसं गेली, बहुतेक मध्य प्रदेशातून पोटासाठी आलेले मजूर आणि त्यांची पोरं. त्या गोदामाच्या परवान्याची मुदत आधीच्या डिसेंबरात संपली होती. कागद संपलेला, माल आणि माणसं आत तशीच. तुमची चूक एवढी मोठी नाही, पण जात तीच आहे. म्हणून सांगते, घाऊकवाल्याकडून माल उचलायची तारीख परवान्याच्या तारखेला बांधा, दोन दिवसांचा धंदा बुडाला तरी चालेल.

आणि परवाना उशिरा मिळतो ही तुमची तक्रार मला शंभर टक्के मान्य आहे. कायदा बदलायचाच असेल तर नुसता दंड सोळा-सतरा पट करून काय होणार, अर्ज आल्यापासून इतक्या दिवसात हो किंवा नाही सांगा, हे बंधन ऑफिसवर पण घाला की. सरळ वागणाऱ्याला उशीर करायचा आणि मग तोच पहिला सापडतो म्हणून त्यालाच धरायचं, याने चोरून विकणारा कधीच हाती लागत नाही.

स्टॉलचे नियमही सांगून ठेवते, कारण अर्ध्या स्टॉलवाल्यांना 2008 च्या नियमांतला नियम 84 माहीतच नसतो. शेड न पेटणाऱ्या साहित्याची, दोन शेडमध्ये कमीत कमी तीन मीटर अंतर, शेडची तोंडं समोरासमोर नकोत, एका जागी पन्नासपेक्षा जास्त दुकानं नकोत, आणि शेडपासून पन्नास मीटरच्या आत फटाके उडवून दाखवायचे नाहीत. आत तेलाचा दिवा, गॅसबत्ती, उघडी ज्योत काहीही चालत नाही, विजेचे दिवे भिंतीला नाहीतर छताला पक्के बसवलेले हवेत, लोंबणारी वायर नको. दोन वर्षांपूर्वी भाच्याला घेऊन मी आमच्या गावच्या मैदानावर गेले होते, लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ, स्टॉलवाल्याने श्रद्धेने लक्ष्मीचा फोटो मांडलेला, समोर झेंडूची फुलं, बत्तासे आणि तेलाने भरलेली पणती, आणि पणतीच्या खाली टेबलक्लॉथ म्हणून काय होतं तर सुतळी बॉम्बच्या बॉक्सवर टाकलेलं लाल कापड. उदबत्तीची राख त्या कापडावर पडत होती. मी त्यांना म्हटलं, काका, पणती बाहेर खुर्चीवर घेऊया का, त्यांनी लगेच घेतली, वाईट काहीच वाटून घेतलं नाही. वर्षभर त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. दादा, तुम्ही पूजा घरी करा, स्टॉलवर नको.

प्रश्न (नाशिक): आमच्या सोसायटीत रात्री एक वाजेपर्यंत माळा लावतात. माझं बाळ आठ महिन्यांचं आहे, सासऱ्यांना दमा आहे. सांगायला गेलं तर म्हणतात "वहिनी, ग्रीन फटाके आहेत, चालतात". खरंच चालतात का?

उत्तर: नाही चालत, रात्री एक वाजता तर कुठलेच चालत नाहीत, हिरवे काय आणि पिवळे काय. सुप्रीम कोर्टाने 2005 मध्येच रात्री 10 ते सकाळी 6 आवाजाच्या फटाक्यांना बंदी घातलीये. मग 23 ऑक्टोबर 2018 चा निकाल आला, तो तुम्हाला जवळचा वाटेल कारण ती याचिका 2015 साली दिल्लीतल्या तीन तान्ह्या बाळांच्या नावाने त्यांच्या घरच्यांनी केली होती. त्या निकालाने दिवाळीत उडवायची वेळ 8 ते 10 एवढीच ठेवली, एकमेकांना जोडलेल्या माळांवर, म्हणजे तुमच्या सोसायटीत लावतात त्याच लडींवर बंदी आणली, बेरियमच्या क्षारांना बंदी आणि ऑनलाईन विक्रीला पण बंदी. मुंबई हायकोर्टाने 2023 च्या दिवाळीत मुंबई परिसरासाठी आधी 7 ते 10 दिले होते, चार दिवसांत तेही 8 ते 10 केले.

ग्रीन म्हणजे निरुपद्रवी नव्हे, हा गैरसमज फार पसरलाय. नागपूरच्या नीरी संस्थेने ते फॉर्म्युले बनवले, एका प्रकारात पाण्याची वाफ सुटून धूळ बसते, एकात पोटॅशियम नायट्रेट आणि गंधक नसतं, एकात ॲल्युमिनियम कमी. धुरातले कण साधारण तीस टक्के कमी होतात, म्हणजे सत्तर टक्के आहेतच की. बॉक्सवर ग्रीनचा लोगो आणि क्यूआर कोड असतो, पण नकली कोड छापणारेही आहेत, तेव्हा स्कॅन करूनच बघायचं.

आणि लहान मुलांचे म्हणून जे आपण निर्धास्त देतो त्याचं पण ऐका. 2016 मध्ये पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने मोजमाप केलं होतं त्यात सगळ्यात जास्त बारीक धूर निघाला नागगोळीतून, हजाराच्या माळेपेक्षा जास्त. ना आवाज ना ठिणगी, म्हणून पोरं त्यावर वाकून बसतात आणि तो काळा धूर सरळ नाकात. सासरेबुवांना त्या वेळी आतल्या खोलीत ठेवा, इन्हेलर हाताशी.

तक्रारीचं म्हणाल तर 112 ला फोन करा, वेळ आणि फ्लॅट नंबरसकट सोसायटीच्या ग्रुपवर लिहून ठेवा. एक गोष्ट फार कमी लोकांना माहितीये, 2018 च्या निकालात असं आहे की हद्दीत उल्लंघन झालं तर त्या ठाण्याचा अधिकारी स्वतः जबाबदार आणि तो कोर्टाचा अवमान धरला जाईल. हे भांडायला नाही, शांतपणे सांगायला वापरा, फोन लवकर उचलला जातो.

प्रश्न (अमरावती): माझ्या नातवाने मोबाईलवर बघून कार्बाईडची बंदूक आणायचा हट्ट धरला होता. आम्ही नाही दिली. पण बाजारात सर्रास दिसत होती. यावर बंदी नाही का?

उत्तर: आजोबा, तुम्ही नाही दिली हे फार चांगलं केलंत, अगदी मनापासून सांगते. 2025 च्या दिवाळीत एकट्या मध्य प्रदेशात, भोपाळ, विदिशा त्या भागात, शंभराच्या वर लोकांचे डोळे या पीव्हीसी पाईपच्या बंदुकीमुळे जखमी झाले, जास्त करून पोरं, आणि काहींची दृष्टी गेली. ही बंदूक मुळात शेतात माकडं आणि पाखरं हाकलायला वापरायचे. कार्बाईडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन गॅस तयार होतो, त्याचा बार होतो, आणि मागे राहतो तो चुना. बहुतेक मुलांचं काय झालं, तर बार झाला नाही म्हणून पाईपात डोकावून बघितलं आणि तेवढ्यात उडाला, गरम हवा आणि चुना दोन्ही डोळ्यात. चुन्याने डोळ्याच्या काळ्या बुबुळाचा पडदा भाजतो आणि तो आत आत जात राहतो. असं कुणाच्या बाबतीत झालं तर चोळायचं नाही, तूप-मध काही घालायचं नाही, लगेच स्वच्छ पाण्याची धार पंधरा-वीस मिनिटं धरायची आणि मग डोळ्याच्या डॉक्टरकडे. पाणी आधी, रिक्षा नंतर.

बंदीचं विचारलंत. इथेच कायद्याचं घोडं अडतं. फटाका हा स्फोटके कायद्यात येतो, तर कार्बाईड हा 1987 च्या वेगळ्या नियमांत, ते पेट्रोलियम कायद्याखाली. आंबे पिकवायला तो वापरायला अन्नसुरक्षा कायद्यात बंदी आहे. आणि पीव्हीसीचा पाईप व लायटर तर हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. तिन्ही एकत्र येऊन जे तयार झालं त्याला फटाका म्हणायचं की खेळणं की शेतीचं अवजार, हे ठरेपर्यंत दिवाळी निघून गेली. मध्य प्रदेशात जखमी झालेली मुलं बघून मग जिल्ह्याजिल्ह्यात विक्रीवर बंदीचे आदेश निघाले. माझं म्हणणं असंय की नव्या कायद्यात फटाक्यांची यादी देऊन भागणार नाही, "बार करण्यासाठी विकलेली कुठलीही वस्तू" अशी व्याख्या पाहिजे, म्हणजे पुढच्या वर्षी रीलवर नवीन काहीतरी आलं तरी ते आपोआप आत येईल. आपले सगळे मोठे नियम परवान्याच्या आतल्या माणसासाठी आहेत आणि पोरांचे डोळे जातात ते परवान्याच्या बाहेरच्या मालाने.

प्रश्न (पिंपरी): मुलीच्या वाढदिवसाला केकवर कारंज्यासारखी उडणारी मेणबत्ती लावली. मैत्रीण म्हणाली तो फटाकाच आहे. असं कसं?

उत्तर: मैत्रीण बरोबर बोलली. त्या नळीत मेण नसतंच, ठिणग्या उडवणारी दारूच असते, छोट्या भुईनळ्यासारखी. तुम्ही पिंपरीच्या, तुम्हाला आठवत असेल, 8 डिसेंबर 2023 ला तळवड्यात याच मेणबत्त्यांच्या विनापरवाना कारखान्यात आग लागली आणि तिथे काम करणाऱ्या बायका गेल्या, त्या दिवशीच सहा, नंतर दवाखान्यात आणखी. रोजंदारीवर आलेल्या बायका होत्या, केकवरची मेणबत्ती करतोय एवढंच डोक्यात असणार, दारू हाताळतोय हे कुणी सांगितलं असेल? केकच्या बॉक्ससोबत ती फुकट येते, बनवणारा कोण, पत्ता काय, काही छापलेलं नसतं बऱ्याचदा. मी स्वतः तेव्हापासून केकवाल्याला सांगते ती काढून ठेव म्हणून. साधी मेणबत्ती लावा, पोरी ती पण तितक्याच आनंदाने फुंकतात, आणि केकवर राख पडत नाही.

प्रश्न (पुण्यात नोकरी, गाव परभणी): गावी जाताना पुण्यातून फटाके न्यायचे असतात, रेल्वेत थोडेसे चालतात का?

उत्तर: थोडेसुद्धा नाही. रेल्वे कायदा 1989 मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. एसटीत पण नाही, कुरिअर आणि पोस्टाने पण नाही. डब्यात माणसं दाटीवाटीने बसलेली असतात, बॅगा सीटखाली, कुणीतरी दाराशी उभं राहून बिडी ओढतोय. परभणीत फटाके मिळतात, तिथेच घ्या.

प्रश्न (संगमनेर तालुका): विहीर खोल करायचीये. ब्लास्टिंगवाला म्हणतो जुन्या वायरच्या कॅप शिल्लक आहेत, स्वस्तात करून देतो. करून घेऊ का?

उत्तर: नका घेऊ भाऊ. वायरवाले इलेक्ट्रिक डिटोनेटर बनवायला, बाळगायला, आयात करायला केंद्राने 1 एप्रिल 2025 पासून बंदी केलीये, त्यांच्या जागी नॉनेल, म्हणजे विजेशिवाय नळीतून पेटणारे, आणि इलेक्ट्रॉनिक प्रकार आलेत. कारण सरळ आहे, आभाळात वीज असेल किंवा जवळ कुठून करंट उतरला तरी जुनी कॅप नको तेव्हा उडू शकते, शिवाय चुकीच्या हातात पडायची भीती वेगळीच. स्वस्त म्हणजे त्याला तो माल संपवायचाय, आणि संपवायचा तुमच्या विहिरीत.

ब्लास्टिंगवाल्याकडे दोन कागद मागा, स्फोटकं बाळगायचा परवाना आणि सुरुंग उडवणाऱ्याचं स्वतःचं परमिट. हे देणारी पेसो म्हणजे स्फोटकांची केंद्राची यंत्रणा, तिचं मुख्य ऑफिस आपल्या नागपूरलाच आहे. त्याने जिलेटीनच्या कांड्या तुमच्या गोठ्यात रात्रभर ठेवायला मागितल्या तर साफ नाही म्हणा, सापडल्या तर बाळगणारे तुम्ही ठरता. आणि एखादा सुरुंग उडाला नाही तर त्या भोकात परत ड्रिल घालू देऊ नका, काम लवकर उरकायच्या नादात माणसं जातात ती याच क्षणी.

प्रश्न (लंडनजवळ, स्लाव): इथे आमचं महाराष्ट्र मंडळ दिवाळीला फटाके उडवतं. भारतात 10 ला बंद, इथे काय?

उत्तर: तुमच्याकडे एरवी रात्री 11 ते सकाळी 7 बंदी, पण दिवाळीच्या रात्री 1 वाजेपर्यंत सूट आहे, तिकडच्या नियमात दिवाळीचं नाव घालून. अठराच्या आतल्यांना विकत नाहीत, आणि मोठे, व्यावसायिक प्रकारचे फटाके साध्या ग्राहकाला मिळत नाहीत. आवाजाची मर्यादा 120 डेसिबल. आपली 125 आहे, फुटल्या जागेपासून चार मीटरवर मोजलेली, फक्त आपल्याकडे ती मोजायला रस्त्यावर कोणी नसतं. सूट आहे म्हणून एकपर्यंत उडवलेच पाहिजेत असं नाही, शेजारच्या आजीला आधी सांगून ठेवा.

प्रश्न (सातारा जिल्हा, इयत्ता सातवी): ताई, पाडव्याला सकाळी आम्ही न फुटलेले फटाके गोळा करतो आणि दारू काढून कागदावर पेटवतो. आई ओरडते. हे कायद्यात आहे का?

उत्तर: तू खरं लिहिलंस म्हणून तुझं पत्र सगळ्यात शेवटी ठेवलं, सावकाश उत्तर द्यायला.

कायद्यात आहे. आता भारतीय न्याय संहिता आली त्यात कलम 288 आहे, स्फोटक पदार्थ निष्काळजीपणे हाताळला आणि कुणाच्या जिवाला धोका झाला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण तुझ्यासारख्या मुलाला कुणी कैदेत टाकत नाही, तेव्हा त्या भीतीने तू थांबणार नाहीस हे मला माहितीये. माझा धाकटा भाऊ पण नव्हता थांबला. आम्ही दोघं असेच अंगणात गोळा करायचो, लवंगीच्या आतली दारू वर्तमानपत्रावर काढायचो, चमचाभर झाली की पेटवायचो, भुस्सकन उजेड व्हायचा, मजा यायची. त्या वर्षी त्याला एक सुतळी बॉम्ब सापडला, वात जळलेली पण बॉम्ब अख्खा. तो पायरीवर बसून चाकूने सुतळी सोडवत होता. मी दोन पावलांवर होते, हातात रांगोळीचा डबा. त्याच्या उजव्या हाताचं पहिलं बोट आणि अंगठ्याचं पेर गेलं. तो आज चाळिशीत आहे, चांगला आहे, पण सही डाव्या हाताने करतो, आणि शर्टाचं वरचं बटण अजून मला नाहीतर वहिनीला लावायला सांगतो.

न फुटलेला फटाका मेलेला नसतो. आत ठिणगी धुमसत असू शकते, आणि घासलं, ठोकलं तरी ती दारू पेटू शकते. म्हणून एक काम कर. पुढच्या दिवाळीला अंधार पडायच्या आधी एक बादली पाण्याने भरून अंगणात ठेव. फुसका निघाला की लगेच जवळ जायचं नाही, बराच वेळ थांबायचं, मग मोठ्या माणसाला सांगून लांब काठीने किंवा फावड्याने तो बादलीत. विझलेल्या फुलबाजीच्या तारा पण त्याच बादलीत, नाहीतर कुणाच्या तरी पायाखाली येतात. सगळं रात्रभर भिजू दे, सकाळी आईला विचारून कचऱ्यात टाक. आणि तुझ्याबरोबर गोळा करायला येतात ना, त्या सगळ्यांना हे पत्र वाचून दाखव, त्यातल्या कुणाकडे अख्खा सुतळी बॉम्ब ठेवलेला असेल तर आत्ताच जाऊन त्याच्या आईला सांग.